मार्पलबाईंच्या मांडीवर मांजर नव्हते

नागपुरात सीताबर्डीच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत रहस्यकथा चाळणारे वाचक हमखास सांगतात, की म्हातारी हौशी गुप्तहेर आणि तिचे मांजर ही जोडी ॲगाथा ख्रिस्तीने जन्माला घातली. हा समज चुकीचा आहे.

ख्रिस्तीची म्हातारी हौशी गुप्तहेर मिस मार्पल 1927 मध्ये कथेतून आणि 1930 मध्ये कादंबरीतून आली. तिचे बळ विणकामाच्या सुयांआडून केलेल्या माणसांच्या पारखीत आहे, तिच्या तपासात मांजर भागीदार नाही. तिच्याही तीस वर्षे आधी, 1897 मध्ये, ॲना कॅथरिन ग्रीन या अमेरिकी लेखिकेने अमेलिया बटरवर्थ ही प्रौढ, अविवाहित शोधिका उभी केली होती. मध्यरात्री शेजारच्या बंद घरापुढे बग्गी थांबल्याचा आवाज ऐकून ती खिडकीशी जाते, एक स्त्री आणि एक पुरुष आत शिरताना पाहते, आणि सकाळी त्याच घरात, पडलेल्या कपाटाखाली, एका स्त्रीचे प्रेत सापडते. शेजाऱ्यांवरची ही बारीक नजर पुढे हौशी शोधिकांच्या रहस्यकथांचा प्राणच ठरली, म्हणून ग्रीनचे नाव विसरले जाणे मला खरोखर अन्यायाचे वाटते.

मांजराला मानाचे पान मिळाले ते 1966 मध्ये, लिलियन जॅक्सन ब्राऊन या अमेरिकी लेखिकेच्या रहस्यकथा-मालिकेत. तिथेही कोको हा सयामी बोका खूण तेवढी दाखवतो. तिचा अर्थ लावतो मध्यमवयीन पत्रकार क्विलरन.