व्हेरिकोसील आणि पुरुष वंध्यत्व : संशोधनाची वाटचाल

वृषणातून रक्त परत नेणाऱ्या शिरांचे जाळे फुगून वेडेवाकडे होते, त्याला व्हेरिकोसील म्हणतात. सुमारे 15 टक्के पुरुषांत ते असते; मूल होत नाही म्हणून तपासणीस आलेल्यांत हे प्रमाण 35 ते 40 टक्क्यांवर जाते. तरीही व्हेरिकोसील असलेल्या बहुतेक पुरुषांना मुले होतात. संशोधनातला सारा वाद या विसंगतीतून उभा राहिला.

दोष बहुधा डावीकडे असतो. डावी वृषणशिरा मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात मिळते, उजवी थेट अधोमहाशिरेत (शरीराच्या खालच्या भागातले रक्त हृदयाकडे नेणारी मोठी शीर) तिरपी उतरते. त्यामुळे डावीकडे दाब अधिक व झडपा लवकर निकामी. एकट्या उजव्या बाजूला अचानक उद्भवलेल्या व्हेरिकोसीलमध्ये मात्र पोटात गाठ नाही ना, हे आधी पाहतात. वृषणाचे तापमान शरीरापेक्षा 2 ते 4 अंशांनी कमी राहावे लागते. साचलेल्या रक्ताने ते वाढते, ऑक्सिडेटिव्ह ताण (ऑक्सिजनच्या घातक रेणूंमुळे पेशींना होणारी इजा) येतो आणि शुक्राणूंच्या डीएनएचे तुकडे पडतात, असे आज मानले जाते. मे महिन्यात 45 अंश सोसणाऱ्या नागपूरकराला उन्हाचा संशय येणे साहजिक आहे. पण उन्हाने शिरा फुगत नाहीत. भट्टीजवळ सतत काम केल्याने शुक्राणूंवर होणारा परिणाम ही वेगळी बाब.

नागपुरात हे निदान दोन वाटांनी होते. एक वाट धंतोली-रामदासपेठेतल्या दवाखान्यांची किंवा 'मेडिकल'च्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, ओपीडीची. तिथे जोडपे येते, आणि बहुतेकदा बायकोच्या सगळ्या तपासण्या उरकल्यावर नवऱ्याचा वीर्य तपासणी अहवाल मागितला जातो. दुसरी वाट भरतीची. विदर्भातली पोरे पहाटे मैदानावर धावून सैन्य आणि केंद्रीय दलांची तयारी करतात, शारीरिक चाचणी काढतात, आणि वैद्यकीय तपासणीत व्हेरिकोसीलमुळे 'अनफिट' ठरतात. लग्नाचा विचारही नसलेला असा मुलगा ऑपरेशनला येतो तो फेरतपासणीच्या तारखेसाठी. वंध्यत्वावरच्या संशोधनाचे निष्कर्ष त्याला जसेच्या तसे लावता येत नाहीत, एवढे तरी त्याच्या घरच्यांना सांगायला हवे.

आधुनिक काळात या विषयाला चालना दिली ती एडिंबरोच्या टलक यांनी. शुक्राणू अजिबात नसलेल्या एका रुग्णावर त्यांनी शस्त्रक्रिया केली आणि पुढे त्याला मूल झाले. 1952 मध्ये ही नोंद प्रसिद्ध झाली. 1970 मध्ये डुबिन व अमेलार यांनी तीन श्रेणी ठरवल्या, त्या आजही चालतात : कुंथल्यावरच हाताला लागणारे, एरवीही हाताला लागणारे, आणि नुसत्या डोळ्यांना दिसणारे.

पुढची काही दशके ऑपरेशने होत राहिली, कसून तुलना मात्र फारशी झाली नाही. 2003 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातल्या एका आढाव्याने उपचाराचा फायदा दिसत नाही असे म्हटले आणि खळबळ उडाली. आक्षेपही लगेच आले, आणि ते रास्त होते : त्यातल्या काही चाचण्यांत वीर्य मुळात चांगले असलेले, किंवा शिरा फक्त सोनोग्राफीत फुगलेल्या दिसणारे पुरुषही धरले होते. 2011 च्या एका चाचणीने हाताला लागणारे व्हेरिकोसील आणि बिघडलेले वीर्य असलेले 145 पुरुषच निवडले. शस्त्रक्रिया झालेल्या गटात 32.9 टक्के जोडप्यांना नैसर्गिक गर्भधारणा झाली, न झालेल्यांत 13.9 टक्के. तरी 2021 च्या कॉक्रेन आढाव्याने (अनेक चाचण्यांचा पुरावा एकत्र तपासणाऱ्या संस्थेचा आढावा) एकूण पुराव्याची खात्री कमीच ठरवली. 'ऑपरेशन करावे का' हा प्रश्न मागे पडून 'कोणाचे करावे' हा पुढे आला, हीच या संशोधनाची खरी कमाई.

सध्याचा भर तीन गोष्टींवर दिसतो : डीएनए विखंडनाची चाचणी कोणाला करावी, शुक्राणूशून्य रुग्णांना शस्त्रक्रियेने काय मिळते, आणि आयव्हीएफ-इक्सीपूर्वी (शरीराबाहेर गर्भधारणा; इक्सीत एकच शुक्राणू थेट बीजांडात सोडतात) शस्त्रक्रिया केल्याने निकाल सुधारतो का. तंत्रापुरता वाद जवळपास मिटला आहे. जांघेत छोटा छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धमनी व लसीकावाहिन्या वाचवत शिरा बांधल्या, तर हायड्रोसील (वृषणाभोवती पाणी साचणे) आणि पुन्हा शिरा फुगणे हे दोन्ही कमी होते. शीर आतून बंद करणारे एम्बोलायझेशन हा दुसरा पर्याय.

निदानात मात्र अजूनही अनुभवी डॉक्टरचा हात महत्त्वाचा आहे : रुग्णाला उबदार खोलीत उभे करून, कुंथायला लावून तपासतात. फक्त सोनोग्राफीत दिसणाऱ्या व्हेरिकोसीलवर वंध्यत्वासाठी शस्त्रक्रिया करू नये, अशी अमेरिकी मार्गदर्शक तत्त्वांची शिफारस आहे. शुक्राणू तयार व्हायला सुमारे 74 दिवस लागतात, म्हणून शस्त्रक्रियेनंतरची वीर्य तपासणी तीन महिन्यांनी करतात आणि वाट पाहण्याचा काळ त्याहून लांबतो. पत्नीचे वय पस्तिशीपुढे असेल तर तेवढा वेळ हातात आहे का, हे आधी ठरवावे लागते.