इलेक्ट्रिक गिटारचा संकेत : दृश्यांकन

इलेक्ट्रिक गिटारच्या पिकअपमधून निघणारा विद्युत संकेत ऑसिलोस्कोपवर (विद्युत लहर पडद्यावर रेखाटणाऱ्या यंत्रावर) किंवा ऑडॅसिटीसारख्या ध्वनिमुद्रण-प्रणालीत आकृतीच्या रूपाने पाहणे. स्वर कागदावर उतरवण्याची खटपट वडोदऱ्याला नवी नाही. गायक मौलाबक्ष यांनी १८८६ साली इथे गायनशाळा सुरू केली आणि स्वतःची स्वरलिपीही घडवली. लिपीत मात्र स्वराचे नाव तेवढे येते, तार कशी वाजली ते येत नाही.

पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेले बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. पोलादी तार हलली की वेढ्यांत वीज उपजते. हा संकेत लॅपटॉपच्या माइकच्या भोकात थेट घातला तर वरचे स्वरांश (मूळ स्वराच्या पटींतली कंपने) दबतात आणि चित्रच खोटे येते. ऑडिओ इंटरफेसवरचे (वाद्य संगणकाला जोडणाऱ्या पेटीवरचे) गिटारसाठीचे, सुमारे १० लाख ओहमचे इनपुट वापरावे.

लहरीच्या आलेखात पाचवी, ११० हर्ट्झची (सेकंदाला ११० कंपनांची) तार दर ९.१ मिलिसेकंदांनी तोच आकार गिरवते. डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाटका करणारा परिणाम) लावले की शिखरे कापल्यासारखी सपाट होतात. खरी गंमत स्पेक्ट्रोग्राममध्ये, म्हणजे कोणत्या क्षणी कोणती कंपने आहेत ते दाखवणाऱ्या चित्रात. मूळ स्वराच्या वर दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांच्या रेषा रचलेल्या दिसतात. मूळ रेषा पहिली धरून पाचवी, ५५० हर्ट्झची, म्हणजे तंबोऱ्यात ऐकू येणारा स्वयंभू गंधारच. मोकळी तार बाराव्या पडद्यावर, बरोबर मधोमध छेडली, तर सम क्रमांकाच्या रेषा जवळजवळ पुसल्या जातात. तार खेचून मींड घेतली की सगळ्या रेषा वर वळतात, वरच्या अधिक तिरक्या.

चित्र काय दाखवील हे खिडकीच्या, म्हणजे एका वेळी तपासायच्या ध्वनीच्या तुकड्याच्या, लांबीवर ठरते. सेकंदाला ४४,१०० नमुने घेऊन ४,०९६ नमुन्यांची खिडकी लावली, तर ८२.४ हर्ट्झची जाड तार आणि तिच्या पहिल्या पडद्यावरचा ८७.३ चा स्वर एकमेकांत मिसळतात. ३२,७६८ ची लावली तर दोन्ही सुटे होतात, पण खिडकी पाऊण सेकंदाची झाल्याने जलद तान फासल्यासारखी दिसते. दोन्ही एकदम साधत नाही.

सर्वांत खाली, काहीही न वाजवता उमटणारी रेषा घरच्या विजेची: ५० हर्ट्झ, आणि तिच्या वर १००, १५०. वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यात अर्थिंग नसेल तर ती चांगलीच ठळक येते. तारांना हात लावून, गिटार हळूहळू फिरवत ही रेषा पाहावी. हात लागताच ती फिकी झाली तर दोष बहुधा अर्थिंगचा किंवा गिटारच्या आतल्या तारांवरच्या धातूच्या आवरणाचा. दिशेनुसार कमी-जास्त झाली तर जवळच्या ट्रान्सफॉर्मरचे चुंबकीय क्षेत्र थेट पिकअपमध्ये शिरते आहे.