खोलीला काम नेमून देणारी ओळ

वरळीच्या बीडीडी चाळी १९२०च्या दशकात बांधल्या गेल्या आणि त्यांतील एका बिऱ्हाडाची खोली साधारण १६० चौरस फुटांची असे. सकाळी तिथेच स्वयंपाक होई, दुपारी मुले अभ्यासाला बसत आणि रात्री सतरंज्या अंथरल्या की सगळे घर तिथेच झोपे. भिंती जागच्या जागी राहत, जागेचे काम मात्र बदलत जाई. ‘ड्वार्फ फोर्ट्रेस’ या वसाहत उभारण्याच्या संगणकीय खेळात ‘झोन’ म्हणतात तो नेमका हाच प्रकार आहे.

टार्न आणि झॅक अ‍ॅडम्स या अमेरिकी भावांचा हा खेळ २००६ मध्ये प्रथम लोकांसमोर आला. त्यात बुटक्यांची टोळी डोंगर पोखरून वसाहत करते. खेळाडू एकेका बुटक्याला हाताला धरून चालवत नाही. कोणती जागा कशासाठी आहे एवढे तो ठरवतो आणि जेवायला, झोपायला किंवा जनावरे चारायला कुठे जायचे हे बुटके त्यावरून आपले आपण ठरवतात. झोन आखल्याने एक दगडही हलत नाही, तरी त्या क्षणापासून ती जागा कुरण, शयनगृह, भोजनगृह, कचऱ्याची जागा किंवा थडगे ठरते. चाळीतल्या खोलीप्रमाणे एकाच जागेवर दोन झोनही येऊ शकतात.

चार-दोन झोन माऊसने सहज आखता येतात, पण एकसारख्या चाळीस खोल्या आखायच्या तर हात भरून येतो. म्हणून ‘डीएफहॅक’ या जोड-प्रणालीतील ‘क्विकफोर्ट’ हे साधन आराखडा मजकुराच्या रूपात स्वीकारते. साध्या स्प्रेडशीटमधले एक घर म्हणजे खेळातल्या जमिनीचे एक घर. पहिल्या ओळीत हॅशचे चिन्ह आणि त्याला जोडून ‘झोन’ हा शब्द लिहिला की खालची अक्षरे झोनची आहेत, हे साधनाला कळते. खोदाई, बांधकाम आणि साठ्याच्या जागा यांचे तक्ते वेगळे असतात आणि खोदाईचा तक्ता अर्थातच आधी चालवावा लागतो.

एन हे अक्षर म्हणजे कुरण. एका घरात एन लिहून पुढे कंसात ८ गुणिले ६ असे मांडले, की त्या घरापासून उजवीकडे ८ आणि खाली ६ घरे, म्हणजे एकूण ४८ घरांचे कुरण तयार होते. ज्या रचनेत पुनरावृत्ती आहे तिचे वर्णन थोडक्यात करता येते, हे माहितीशास्त्रातले तत्त्व इथे डोळ्यांना दिसते. अक्षरापुढे महिरपी कंसात झोनचे नाव देता येते, भोजनगृह एखाद्या मद्यालयाला जोडता येते, आणि एखादे थडगे नागरिकांसाठी आहे की पाळीव प्राण्यांसाठी, हेही तिथेच सांगता येते. अक्षर लहान की मोठे, याला इथे फार महत्त्व आहे. मोठा डी म्हणजे सामायिक शयनगृह आणि लहान डी म्हणजे कचऱ्याची जागा, त्यामुळे शिफ्टचे बटण नीट दाबले गेले नाही तर बुटक्यांच्या झोपण्याच्या दालनात कचरा येऊन पडू लागतो.

अशीच एक चूक माझ्याकडून झाली. मी शवपेट्यांची रांग आखली होती: एक पेटी, मग एक मोकळे घर, पुन्हा पेटी. बांधकामाचा तक्ता बरोबर होता. झोनच्या तक्त्यात मात्र एका ओळीत दोन घरे वेगळी करणारा एक स्वल्पविराम राहून गेला आणि तिथून पुढची सगळी अक्षरे एक घर डावीकडे सरकली. थडग्यांचे झोन मोकळ्या फरशीवर पडले, पेट्या झोनबाहेर राहिल्या. आराखडा लागू करण्याआधी साधन त्याची छाया जमिनीवर दाखवते, ती मी घाईत नीट पाहिली नाही. पुढे एक सुतार मेला, त्याचे दफन झाले नाही आणि काही काळाने त्याचे भूत वसाहतीत फिरू लागले.

चूक मजकुरात होती म्हणून ती बोट ठेवून दाखवता आली. तोच तक्ता उलट चालवून चुकलेले झोन पुसले, स्वल्पविराम घातला आणि तक्ता पुन्हा लावला. या वेळी छाया एकेका पेटीवर बसते आहे का, हे मी रांगेच्या शेवटापर्यंत तपासले. थोड्या वेळाने एका बुटक्याने सुताराचा देह उचलला आणि तो रांगेतल्या पहिल्या पेटीकडे निघाला.