बीपीचं मशीन घेताना आधी दंड मोजा

आमच्या जळगावच्या दुकानात बीपीचं मशीन घ्यायला आलेला माणूस आधी विचारतो, ‘आकडा बरोबर दाखवतं ना?’ आम्ही आधी टेप काढून त्याचा दंड मोजतो.

त्यामागे जुनी गोष्ट आहे. १८९६ साली इटलीत डॉ. रिव्हा-रोच्ची यांनी दंडाला फुगणारा पट्टा बांधून पाऱ्याच्या नळीवर रक्तदाब मोजण्याची सोपी रीत काढली. आजचे १२०, १४० हे आकडे म्हणजे त्या पाऱ्याचीच उंची, मिलिमीटरमध्ये. पण त्यांचा पट्टा जेमतेम पाच सेंटिमीटर रुंद होता आणि दाब फाजील दिसायचा. १९०१ मध्ये फॉन रेक्लिंगहाउझेन या जर्मन डॉक्टरांनी हे दाखवून दिलं आणि पट्टा रुंद केला. खालचा आकडा नीट कळू लागला तो १९०५ नंतर, रशियाच्या कोरोत्कोव्ह यांनी पट्ट्याखाली स्टेथोस्कोप लावून आवाज ऐकले तेव्हा.

आकड्यात शरीराइतकाच मोजण्याच्या रीतीचाही वाटा असतो. भरदार दंडाला तोकडा पट्टा बांधला, तर दाब आजही वाढीवच येतो. दंडाचा घेर २२ ते ३२ सेंटिमीटर असेल तर बहुतेक मशीनसोबतचा पट्टा चालतो. त्याहून जास्त असेल तर मोठा मागून घ्या.

वरचा आकडा कितीपासून वाढलेला धरायचा, ती १४० ची रेषाही डॉक्टरांनी विचारांती आखलेली आहे. अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांनी २०१७ मध्ये ती १३० वर आणली. धोका हळूहळू वाढत जातो, म्हणून १३८ आला की निर्धास्त आणि १४१ आला की घाबरगुंडी, असं करू नका. एका आकड्यावर गोळी बंद तर मुळीच करू नका.

मोजण्याआधी अर्धा तास चहा-तंबाखू नको. पाठ टेकून, पाय जमिनीला लावून पाच मिनिटं गप्प बसा. हात छातीच्या पातळीवर ठेवा. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे वहीत लिहा; चांगला तेवढाच लिहिला तर डॉक्टरांची फसगत होते.

आपल्याकडचा मे महिना वेगळा सांगायला हवा. ही मशीनं साधारण ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेली असतात. पत्र्याच्या खोलीत भर दुपारी मोजू नका, गाडीतही मशीन ठेवू नका. उन्हातून आल्याआल्या कपाळावर धरायचा थर्मामीटरही चुकतो. थोडा वेळ सावलीत बसा.

वर्षातून एकदा मशीन दवाखान्यात नेऊन डॉक्टरांच्या मोजणीशी ताडून पाहा. पट्ट्यातून हवा गळत असेल तर मशीनसकट दुकानात आणा, दंड मोजून नवा देऊ.