लष्करी मुखविकृतितज्ज्ञ

तोंड, जबडा आणि चेहऱ्याच्या ऊतींमधील रोगांचे निदान करणारा सैन्यदलातील दंतवैद्यक अधिकारी. बोलताना त्याला ओरल पॅथॉलॉजिस्टच म्हणतात. दात काढणे हे त्याचे काम नव्हे. रुग्णाशी त्याची गाठ बहुधा सूक्ष्मदर्शकाखालच्या काचपट्टीवरच पडते. तळावरच्या दंतवैद्याला एखाद्या सैनिकाच्या गालात पुसून न जाणारा पांढरा चट्टा दिसला, की तो तिथला छोटा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये (ऊती टिकवणाऱ्या द्रावणात) घालून पाठवतो. प्रयोगशाळेत तुकडा मेणात बसवतात, चार-पाच मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचे काप काढतात आणि रंगवतात. केंद्रके निळसर-जांभळी, बाकी सारे गुलाबी. वरच्या थरातील पेशी हद्द ओलांडून खाली उतरल्या आहेत का, ही कर्करोगाची खूण तज्ज्ञ पाहतो. त्या माणसाचे उपचार, आणि बरेचदा नोकरीही, तज्ज्ञाच्या दोन ओळींच्या अहवालावर ठरते.

अमेरिकेत या कामाचे मूळ लष्करी वैद्यकीय संग्रहालयात सापडते. यादवी युद्ध चालू असताना, १८६२ मध्ये, सर्जन जनरल (लष्कराचे वैद्यकीय प्रमुख) विल्यम हॅमंड यांनी ते सुरू केले. १८९३ मध्ये तिथे टाळूवरच्या व्रणाचा एक नमुना निनावी आला. तो राष्ट्राध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलंड यांचा होता, हे तपासणाऱ्याला ठाऊक नव्हते. (निदानाच्या दृष्टीने हे बरेच झाले.) १ जुलैला ‘ओनीडा’ नावाच्या खासगी नौकेवर गुपचूप शस्त्रक्रिया होऊन वरच्या जबड्याचा भाग काढला गेला. क्लीव्हलंड पुढे १९०८ पर्यंत जगले. त्याचे कारण १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या फेरतपासणीत दिसते: गाठ कर्करोगाची, पण चामखिळीसारखी, सावकाश वाढणारी आणि सहसा दूर न पसरणारी होती.

या संग्रहालयातूनच १९४९ मध्ये सैन्यदल विकृतिविज्ञान संस्था आकाराला आली. तिथल्या मुखविकृती विभागाचे प्रमुख जोसेफ बर्निअर हे या विषयाच्या अमेरिकन अकादमीच्या (१९४६) संस्थापकांपैकी एक. २०११ मध्ये संस्था बंद झाली. तिच्या सुमारे साडेपाच कोटी काचपट्ट्या जॉइंट पॅथॉलॉजी सेंटरकडे गेल्या.

मृतांची ओळख पटवणे ही खरे तर न्यायवैद्यक दंतशास्त्राची बाब. पण गरज पडली की हेच गणवेशधारी दंतवैद्य बोलावले जातात. १२ डिसेंबर १९८५ रोजी कॅनडातील गँडर येथे अमेरिकन सैनिकांना घरी नेणारे विमान कोसळून २५६ जण मरण पावले. दातांवरून ओळख पटवायची, तर सैनिकांच्या दंतनोंदीही त्याच विमानात होत्या.

भारतात लष्कराचे दंत दल १९४१ मध्ये उभे राहिले. इथे सुपारी-गुटख्यामुळे होणारा सबम्यूकस फायब्रोसिस (तोंडाच्या आतील अस्तराखालचा भाग ताठर होत जाण्याचा रोग) अमेरिकेपेक्षा कितीतरी अधिक दिसतो. रुग्णाची पहिली तक्रार बहुधा जेवणाचीच असते: तिखट सोसत नाही. पुढे तोंड इतके आखडते, की आत तीन बोटे उभी जात नाहीत. काचपट्टीवर वरचा थर विरलेला आणि खाली घट्ट गुलाबी तंतूंचे पट्टे दिसतात.