बंदूक हाताशी असणे आणि बंदुकीच्या छायेत वाढणे

अमेरिकेतील मुले आणि बंदुका यांविषयीच्या चर्चेत दोन गोष्टी इतक्या वेळा एकत्र येतात की त्या एकच मानल्या जातात. घरातील बंदूक मुलाच्या हाती लागू शकते, ही पहिली. मुलाने गोळीबार पाहिला, ऐकला किंवा त्यात जवळचे माणूस गमावले, ही दुसरी. पहिल्या बाबतीत वस्तू कुठे ठेवली आहे हे पाहायचे असते, दुसऱ्या बाबतीत मुलाने काय सोसले आहे हे. २०२० पासून त्या देशात १ ते १९ वर्षे वयोगटातील मृत्यूंचे सर्वांत मोठे कारण बंदुकीच्या गोळ्या हेच असल्यामुळे हा फरक केवळ अभ्यासकांच्या उपयोगाचा उरलेला नाही.

बालपणातील प्रतिकूल अनुभव मोजण्याची पद्धत रुजली ती सॅन डिएगो येथे १९९५ ते १९९७ या काळात व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा या डॉक्टरांनी १७,००० हून अधिक प्रौढांच्या केलेल्या पाहणीतून. अत्याचार, आबाळ, घरातील व्यसन किंवा मानसिक आजार, आईवडिलांची फारकत, घरातील कुणाचा तुरुंगवास अशा बाबींवर पुढे जे १० प्रश्न प्रचलित झाले, त्यांत बंदूक एकदाच येते, आणि तीही आईला चाकू किंवा बंदुकीने धमकावले गेले का, एवढ्यापुरती. दाराबाहेरच्या गोळीबाराला त्यात जागाच नव्हती. ती नंतर फिलाडेल्फियातील विस्तारित पाहणीत मिळाली. ही उणीव साधी नव्हती. वस्तीत खून झाल्यानंतरच्या आठवड्यात चाचणी दिलेल्या शिकागोतील कृष्णवर्णीय मुलांचे वाचन आणि शब्दसंग्रहाचे गुण इतर वेळी चाचणी दिलेल्या मुलांपेक्षा कमी होते, असे समाजशास्त्रज्ञ पॅट्रिक शार्की यांनी २०१० मध्ये दाखवले. त्यासाठी मुलाने तो खून डोळ्यांनी पाहिलेला असण्याचीही गरज नव्हती. सतत सावध राहणाऱ्या शरीरात ताणाची संप्रेरके वारंवार स्रवत राहतात, झोप तुटते, लक्ष टिकत नाही. आणि दोन-तीन वर्षांचे मूल हे सांगू शकत नसल्याने ते हट्ट, अंगाला चिकटणे किंवा सुटलेली सवय पुन्हा जडणे यांतून व्यक्त होते.

बंदूक हाताशी असण्याला यातले काहीच लागत नाही. घर सुखी असेल, आईवडील समंजस असतील, वरील दहाही प्रश्नांची उत्तरे नकारार्थी असतील, तरी उशाच्या खणातील भरलेली बंदूक तितकीच घातक असते. अशा भरलेल्या आणि कुलूप नसलेल्या बंदुका असणाऱ्या घरांत अमेरिकेतील सुमारे ४६ लाख मुले राहतात, असा अंदाज आहे. ‘आमच्या मुलाला ती कुठे असते हे ठाऊक नाही’ या भरवशाला फारसा अर्थ नाही. अलाबामा राज्याच्या ग्रामीण भागातील २००६ सालच्या एका अभ्यासात असे सांगणाऱ्या पालकांपैकी ३९ टक्क्यांची मुले ती जागा जाणून होती, आणि मुलाने बंदुकीला कधी हात लावलेला नाही, असे म्हणणाऱ्यांपैकी २२ टक्के पालकांचे म्हणणे मुलांनीच खोडून काढले.

म्हणूनच उपायही वेगळे आहेत. हाताशी असलेल्या बंदुकीचा धोका गोळ्या काढून ती कुलपात आणि गोळ्या दुसऱ्या कुलपात ठेवल्याने एका दिवसात कमी होतो. सोसलेल्या भयाला कुलूप लागत नाही. तिथे रोज तेच राहणारे, विश्वासाचे एखादे मोठे माणूस, ठरलेला दिनक्रम आणि गरज पडल्यास उपचार लागतात, आणि त्याला महिने लागतात. मुलांना बंदुकीपासून दूर राहण्याचे धडे देणे हा मात्र मला दोन्ही बाबतींत दुबळा मार्ग वाटतो, कारण त्यात मोठ्यांची जबाबदारी मुलांवर ढकलली जाते.

दोन्ही धोके एकत्र येतात ते किशोरवयीन आत्महत्यांमध्ये. प्रतिकूल बालपणामुळे आत्महत्येच्या प्रयत्नाची शक्यता वाढते, आणि बंदुकीने केलेल्या अशा दहा प्रयत्नांपैकी सुमारे नऊ जीवघेणे ठरतात. अनेकदा निर्णय आणि कृती यांत काही मिनिटांचेच अंतर असते. त्यामुळे अशा घरात समुपदेशनाचा गुण येण्याची वाट न पाहता बंदूक आधी घराबाहेर हलवावी लागते.