बंदूक दुरुस्तीचे कारागीर: पार्श्वभूमी

भारतात आज परवान्यावर असलेल्या चांगल्या दुनळी बंदुका बहुतेक जुन्या आहेत. आजोबांच्या नावावरची वडिलांकडे आली, वडिलांकडून नातवाच्या परवान्यावर चढली, असा त्यांचा प्रवास. १९८०च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य परवानाधारकासाठी परदेशी बंदुकांची आयात जवळजवळ बंद आहे. त्यामुळे शंभर वर्षांच्या इंग्लिश बंदुकीतली कमान, म्हणजे स्प्रिंग, तुटली की सुटा भाग मागवण्याचा प्रश्नच येत नाही. त्या काळी प्रत्येक भाग त्या एकाच बंदुकीत हाताने बसवलेला असायचा, आणि शेजारच्या बंदुकीचा भागही तिला लागत नाही. कानस चालवून नवा भाग घडवणारा माणूस शोधावा लागतो. नवी बंदूक घडवण्यापेक्षा जुनी जिवंत ठेवण्यावर आपल्याकडे या कलेचा भर का आला, ते समजायला पाचशे वर्षं मागे जावं लागतं.

१५१० मध्ये पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कने गोवा घेतला तेव्हा आदिलशाही अमलातले बंदूक घडवणारे लोक त्याला तिथे आयते मिळाले. १५१३ मध्ये त्याने राजा मॅन्युएलला कळवलं की गोव्याचे कारागीर बोहेमियाच्या तोडीच्या बंदुका करतात. त्या काळी यापेक्षा मोठी पावती नव्हती. तोड्याच्या बंदुकीत लाकडी दस्ता, जामगी, म्हणजे जळती वात, धरणारा घोडा, चाप ही कामं तशी सोपी. खरी परीक्षा नळीचं मागचं तोंड बंद करण्याची. तिथे आटे पाडून लोखंडी बूच घट्ट बसवावं लागतं. ते सैल राहिलं तर दारूचा झोत मागे, थेट बार काढणाऱ्याच्या तोंडावर येतो. १५४३ मध्ये पोर्तुगीज बंदुका जपानच्या तानेगाशिमा बेटावर पोचल्या, तेव्हा तिथले लोहार नेमके याच आट्यांपाशी अडले, असं जपानी परंपरा सांगते.

कोकणात शेती संरक्षणासाठी परवान्यावर दिलेली ठासणीची बंदूक दुरुस्तीला आली की जाणता कारागीर आजही आधी हेच बूच आणि ठिणगी देणारी टोपी बसते त्या निप्पलचे आटे बघतो. काळ्या दारूची राख हवेतलं पाणी ओढते. जुन्या टोप्यांतल्या रसायनाचे क्षारही तेच करतात. बार काढल्यावर त्याच दिवशी गरम पाण्याने नळी धुतली नाही, तर पावसाळी हवेत आटे आतून खाऊन जातात, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. निप्पल हलत असेल तर तो बदलता येतो. बुचाचे आटे गेले असतील आणि कारागीर टेफ्लॉन पट्टी गुंडाळून किंवा वरून वेल्डिंगचा ठिपका देऊन भागवू म्हणत असेल, तर बंदूक उचलून घरी यावं. ठासणीच्या बंदुकीत काडतुसातली बिनधुराची दारू घालणं हा तर नळी फोडून घेण्याचा हमखास मार्ग. गोळी किंवा बुरणूस, म्हणजे दारूवरचा बोळा, खालपर्यंत न ठासल्याने मध्ये राहिलेली पोकळी, हे नळी फुटण्याचं दुसरं कारण.

अठराव्या शतकात हे काम मोठ्या कारखान्यांत गेलं. बंगालचा नवाब मीर कासिम याने राजधानी मुंगेरला हलवली आणि गुर्गिन खान या आर्मेनियन सेनापतीच्या देखरेखीखाली शस्त्रशाळा उभी केली. बिहारमधल्या मुंगेरची बंदूक घडवण्याची परंपरा तिथपासून सांगितली जाते, आणि परवानाधारक कारखाने तिथे आजही आहेत. इकडे महादजी शिंद्यांच्या कवायती फौजेसाठी द बॉयन या त्यांच्या युरोपीय सेनानीने आग्र्याला कारखाना काढला. तो सँगस्टर नावाच्या स्कॉटिश माणसाच्या हाती होता, आणि तिथली बंदूक दहा रुपयांत पडे अशी नोंद आहे. मराठी सत्तेला चांगली बंदूक घडवणारे हात मिळत होते, हे विसरलं जातं.

१८७८चा शस्त्र कायदा इथे वळण ठरला. लॉर्ड लिटनच्या त्या कायद्याने सामान्य भारतीयाला शस्त्र बाळगायला परवाना लागू लागला, घडवायला आणि विकायलाही. गिऱ्हाईक आटलं की कारागीर टिकत नाही. शस्त्रांना पाणी आणि झिलई देणारे शिकलगार कात्र्या-सुऱ्यांना धार लावू लागले. वरच्या दर्जाचं काम कलकत्त्याच्या मँटन, रोडा अशा साहेबी दुकानांकडे गेलं. बंदूक लंडनहून किंवा बर्मिंगहॅमहून यायची आणि दुकानात तिची जुळणी, दुरुस्ती व्हायची. रोडाचं नाव आपल्याला आठवतं ते मात्र वेगळ्या कारणाने: २६ ऑगस्ट १९१४ रोजी क्रांतिकारकांनी त्यांच्या मालातून ५० माउझर पिस्तुलं आणि सुमारे ४६,००० काडतुसं पळवली.

इंग्लिश कारखानदारीत एकच माणूस पूर्ण बंदूक करत नसे. नळ्या कानसणारा वेगळा, यंत्रणा बसवणारा वेगळा, दस्ता कोरणारा वेगळा, नक्षीवाला वेगळा. भारतातल्या दुरुस्ती करणाऱ्याला मात्र ही सगळी कामं एकट्यालाच शिकावी लागली. म्हणूनच आपल्याकडचा उत्तम मिस्त्री हरहुन्नरी असतो, आणि वाईट मिस्त्री सगळ्यातच हात घालून बंदूक बिघडवतो.

साहेबी बंदुकीबरोबर एक उपयोगी गोष्ट आली, ती म्हणजे नळीखालचे परीक्षेचे शिक्के. लंडनच्या बंदूकवाल्यांच्या संघाला १६३७ मध्ये सनद मिळाली आणि बर्मिंगहॅमचं परीक्षागृह १८१३ मध्ये सुरू झालं. नेहमीपेक्षा जास्त दारूचा बार काढून नळी टिकली तरच शिक्का. १९५४ नंतरच्या इंग्लिश दुनळीवर चेंबरची, म्हणजे नळीतल्या काडतूस बसण्याच्या जागेची, लांबी आणि दर चौरस इंचाला किती टन दाब चालेल, हे कोरलेलं असतं. काही जुन्या चोकवाल्या, म्हणजे तोंडाशी अरुंद केलेल्या, नळ्यांवर ‘गोळीसाठी नाही’ अशा अर्थाची अक्षरंही सापडतात. बंदूक हातात घेतल्यावर नळ्या काढून हे शिक्के भिंगाने न वाचणारा माणूस इंग्लिश बंदुकीचा कारागीर नाही, एवढं खुशाल समजावं.

शिक्का न वाचण्याने होणारी नेहमीची चूक अशी. जुन्या १२ बोअर बंदुकीचं चेंबर अडीच इंचांचं, म्हणजे ६५ मिलिमीटरचं. आजची बरीच काडतुसं ७० मिलिमीटरची. काडतुसावर लिहिलेली लांबी बार निघून तोंड उघडल्यानंतरची असते. न वापरलेल्या काडतुसाचं तोंड दुमडलेलं असल्याने ते अडीच इंची चेंबरमध्ये सहज बसतं, आणि मालकाला वाटतं चाललं. बार निघताना दुमड उघडायला जागा मिळत नाही, ती नळीच्या अरुंद होत जाणाऱ्या भागात घुसते आणि दाब चढतो. चेंबर लांबवून द्यायला काही जण तयार असतात. त्याने नेमकी सर्वांत जास्त दाबाची जागा पातळ होते आणि मूळ परीक्षेला अर्थ राहत नाही. योग्य काडतूस शोधणं हाच बरा उपाय.

कायद्याने बंदुकीचा घाटच बदलला, याचं उत्तम उदाहरण भारतातलंच आहे. सैन्यातून बंडखोरांच्या हाती गेलेल्या .४५० बोअरच्या बंदुकांना दारूगोळा मिळू नये म्हणून १९०७च्या सुमारास भारतात .४५० बोअरवर बंदी आली. लंडनच्या बंदूकवाल्यांनी मग .४७०, .४६५, .४७६ अशी नवी काडतुसं काढली, आणि वाघ-हत्तीच्या शिकारीच्या दुनळी रायफली त्या मापाच्या होऊ लागल्या. आपल्याकडे चालणारी .३१५ रायफलही अशीच, तिचं काडतूस सैन्याच्या .३०३ रायफलीत जात नाही. दुनळी रायफल जुळवणं हे या कलेतलं सर्वांत नाजूक काम. दोन्ही नळ्यांच्या गोळ्या ठरावीक अंतरावर एकाच जागी पडाव्यात म्हणून कारागीर बार काढून बघतो, डाख वितळवून तोंडाशी असलेली पाचर जरा सरकवतो, पुन्हा डाख देतो, पुन्हा बार काढतो. उष्णतेने दारूचा दाब वाढतो, म्हणून भारतासाठी कमी भरतीची खास काडतुसं येत. अशी रायफल कुणी ‘नळ्या सैल आहेत, डाख देऊन देतो’ म्हणून गरम केली, की ती जुळणी कायमची गेली.

१९५९चा शस्त्र कायदा १९६२ मध्ये लागू झाला. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार संपली आणि शिकारी गिऱ्हाईकही गेलं. कारागिरांच्या पुढच्या पिढ्या लेथ-मिलिंगच्या कारखान्यांत गेल्या, हे साहजिकच होतं. उरलेल्यांत चांगला कोण, हे ओळखायला काही जागा आहेत.

पहिली जागा स्क्रूची डोकी. जुन्या चांगल्या बंदुकीत स्क्रूच्या खाचा अगदी बारीक असतात आणि सगळ्या नळीच्या रेषेत येतात. त्यासाठी खाचेच्या मापाचा स्क्रूड्रायव्हर घासून घ्यावा लागतो. कारागिराच्या टेबलावर असे घासलेले ड्रायव्हर असतील आणि त्याने आधी उघडलेल्या बंदुकांचे स्क्रू खरवडलेले नसतील, तर निम्मी परीक्षा झाली.

दुसरी जागा, सैल झालेली दुनळी तो कशी बांधतो. पुढचा लाकडी हात काढून बंदूक बंद करावी आणि उजेडाकडे धरून नळीचा मागचा भाग व यंत्रणेचं तोंड यांमध्ये फट दिसते का पाहावं. फट दिसली किंवा नळी डुगडुगली, तर बिजागरीची पिन किंवा तिच्यावर बसणारा आकडा झिजला आहे. आकडा ठोकून फुगवणं किंवा पत्र्याचा तुकडा घालणं ही स्वस्तातली युक्ती, काही शे बार निघाले की बंदूक पुन्हा सैल. खरं काम म्हणजे थोडी जाड पिन घालणं किंवा आकड्यावर धातू चढवून तो पुन्हा कानसणं. धातू कुठे टेकतो ते पाहायला दिव्याची काजळी लावतात: बंद करायची, उघडायची, काजळी जिथे उमटली तेवढंच कानसायचं. यात दिवस जातात. संध्याकाळी घेऊन जा म्हणणाऱ्याने हे केलेलं नसतं.

मग नळी. दोन्ही नळ्या बोटावर टांगून लाकडाने हलकं टिचकावलं की घंटेसारखा नाद यायला हवा. खरखर किंवा बद्द आवाज आला तर मधली पट्टी सुटली आहे. पट्ट्या मऊ डाखाने बसवलेल्या असतात, म्हणून अशा नळीला काळा रंग देताना उकळत्या कॉस्टिकची टाकी कधीही वापरू नये. ते मीठ पट्टीखाली शिरतं, डाख खातं, आणि दोन पावसाळ्यांत आतून गंज बाहेर येतो. जुनी पद्धत म्हणजे हळूहळू गंज आणायचा, पाण्यात उकळायचा, तारेच्या ब्रशने घासायचा, आणि हे अनेक वेळा. झिलई देताना आतले गंजाचे खड्डे घासून काढावे का, हे नळीच्या जाडीवर ठरतं. सर्वांत पातळ जागी २० थाऊ (इंचाचे हजारावे भाग), म्हणजे अर्धा मिलिमीटर, एवढी जाडी तरी राहिली पाहिजे. ती मोजायचं साधन कारागिराकडे नसेल तर नळीच्या आत हात लावू देऊ नये.

चाप हलका करून द्या, ही मागणी बऱ्याचदा होते. दुनळीचा पुढचा चाप साडेतीन ते चार पौंडांचा, मागचा थोडा जड. त्याखाली गेल्यावर घोडा अडवणारी खाच एवढी कमी उरते, की बंदूक आपटली किंवा दुसरी नळी सुटली तरी बार निघू शकतो. नाही म्हणणारा कारागीर इथे गिऱ्हाइकाचं भलंच करत असतो.

आता गिऱ्हाइकाच्या अंगाबेताने काम होतं ते मुख्यतः नेमबाजीत. कोल्हापूरच्या मातीतल्या तेजस्विनी सावंत आणि स्वप्निल कुसाळे यांच्या प्रोन (पालथं झोपून) किंवा तीन पोझिशन प्रकारात दस्त्याची लांबी, गालाचा टेकू, खांद्याचा आकडा मिलिमीटरने जुळवतात, आणि काडतुसांच्या वेगवेगळ्या बॅचेस त्याच नळीतून तपासून निवडतात. बंदूक माणसाला बसवायची ही जुनी कल्पना, फक्त अक्रोडाच्या जागी ॲल्युमिनियम आलं. जुन्या दस्त्याला बाक द्यायचा असेल तर मानेवर गरम तेल ओतत लाकूड मऊ करतात. भेगा, आधीचे जोड किंवा तेलाने कुजलेलं लाकूड असेल तर ते तिथेच मोडतं. तेल कुजवतं ते बंदूक उभी ठेवण्याच्या सवयीने. नळी वर असली की यंत्रणेतलं तेल दस्त्याच्या डोक्यात उतरत राहतं. म्हणून नळी खाली करून ठेवावी.

कागदाच्या बाजूने एवढं पक्कं: दुरुस्ती करणाऱ्याकडे १९५९च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ खालचा परवाना हवा, घरगुती लोहार चालत नाही. नळी आखूड करणं कलम ६ मध्ये येतं. कलम ८ प्रमाणे बंदुकीवरचा नंबर पुसणं गुन्हा आहे, म्हणून झिलई देण्याआधी नंबराचा फोटो घ्यावा आणि पॉलिशवाल्याला ती जागा सोडायला सांगावी. मालक स्वतः जाऊ शकत नसेल तर त्याच्या लेखी अधिकारपत्रावर दुसरा माणूस बंदूक दुरुस्तीला नेऊ शकतो, ही सोय कलम ३ मध्येच आहे.

दोन प्रसंगी बंदूक विनाकारण खराब होते. एकदा निवडणुकीत ठाण्यात जमा असताना: जमा करण्याआधी नळीतून आणि बाहेरून तेलाचा हात फिरवावा, लोकरी किंवा रेक्झिनच्या गवसणीत देऊ नये, ओल धरते. आणि दुसऱ्यांदा खंडेनवमीला. पूजेचं ओलं हळदकुंकू रात्रभर काळ्या नळीवर राहिलं की सकाळी त्याखाली तपकिरी डाग असतो, आणि तो घासून काढायचा म्हणजे रंग जातो. आरती झाली की मऊ फडक्याने पुसून तेल लावायचं.